एक दावा, अख्खं गाव

बाररूममध्ये चहा घेताना बाकीचे वकील आपापल्या अशिलांचे किस्से सांगतात. कुणाचा एक, कुणाचे फार तर दोन. माझी पाळी आली की मात्र सगळे घड्याळाकडं बघायला लागतात! त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्या एका केसला एक अशील असतो, माझ्या एका केसला अख्खं गाव असतं. एकटा माणूस कोर्टात आला तर किस्सा घडेल, नाहीतर नाही घडणार. टेम्पो भरून माणसं आली की तो घडतोच. कधी कधी तर टेम्पोतून उतरायच्या आधीच घडून गेलेला असतो.

मी धाराशिवला वकिली करते आणि ती बहुतेक सगळी सामूहिक दाव्यांची. म्हणजे एकाच कंपनीनं गावातल्या सगळ्या घरांना एकाच पद्धतीनं टोपी घातली, तर घरटी एक दावा लावत बसायचं नाही. सगळ्यांच्या वतीनं मिळून एकच लावायचा. ऐकायला किती सोपं! पण ज्यांनी हा कायदा केला, त्यांनी आपल्याकडचं एक गाव एका सतरंजीवर बसवून बघितलेलं नसावं.

*

ऑफिस थाटलं तेव्हा मी हौसेनं बोर्ड रंगवून घेतला होता. वर नाव, मध्ये पदवी, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'सामूहिक दावे'. पुढं शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं आपली पत्र्याची पडवी रस्त्याकडं ओढली आणि माझ्या बोर्डाचा कोपरा तिच्यामागं गेला. 'दावे' झाकलं गेलं. 'सामूहिक' तेवढं उरलं.

एक दिवस परंड्याकडचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. बसले, टोपी मांडीवर ठेवली, पाणी प्यायले.

मी विचारलं, "तुम्ही एकटेच आहात, की गावात आणखी कुणाची हीच अडचण आहे?"

"आणखी तिघांची हाय की! सगळ्यांचं यंदाच उरकायचं म्हणतोय."

"मग वेगवेगळं करूच नका. सगळ्यांचं एकदम करू."

"तेच म्हणतोय बाई! खर्च बी वाचतो."

मी मनात म्हटलं, किती समजूतदार अशील! सुरुवातीलाच एवढं पटणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

"बरं, समोरची पार्टी कोण?"

"ती तर तुमीच बघायची! घर चांगलं पाह्यजे, बाकी आमचं काही म्हणणं न्हाय."

इथं मला जरा शंका आली. तरी सवयीनं मी पुढचा प्रश्न विचारलाच, "विरुद्ध पार्टीनं तुम्हाला आतापर्यंत काही लेखी दिलंय का?"

तेव्हा त्या बाई पहिल्यांदा बोलल्या. जरा दुखावूनच बोलल्या.

"विरुद्ध कशाला म्हणता ओ? व्याही म्हणा की!"

सामूहिक विवाह लावून देणारी बाई म्हणून कुणीतरी त्यांना माझा पत्ता दिला होता. माझे कारकून मुश्ताकभाई मघापासून दारात उभे होते ते हसू दाबत बाहेर पळाले, आणि दुसऱ्याच दिवशी बोर्ड वर सरकवून घेतला.

*

माझी पहिली मोठी केस तेरजवळच्या एका गावची. एका यात्रा कंपनीनं गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना काशी दाखवतो म्हणून बसमध्ये घातलं. बस नाशिकला बिघडली आणि तिथंच राहिली. चार दिवस धर्मशाळेत काढून मंडळी परत गावात! लोकांनी भांडण काढलं, तर कंपनीचं म्हणणं काय? "गंगास्नान घडवलेलं आहे." का, तर नाशिकला गोदावरीत सगळ्यांनी बुडी मारली होती, आणि गोदावरीला गंगाच म्हणतात ना!

असा दावा लावायचा तर सगळ्यांच्या वतीनं बोलायला एक माणूस पुढं करावा लागतो. मी गावात बैठक घेतली आणि एक नाव सुचवा म्हटलं. झालं! या भावकीचा माणूस त्या भावकीला चालेना, त्यांचा ह्यांना. एक आजोबा तर उठूनच उभे राहिले. "आमच्या वतीनं दुसरा बोलणार? मंग आमी काय मुके हाव का?"

दुपार कलायला लागली तेव्हा कुणीतरी सरूआजीचं नाव काढलं. तिच्यावर सगळे राजी झाले. कारण आजीला ऐकू येत नव्हतं. ती कुणाचंच ऐकत नाही, म्हणजे विरुद्ध भावकीचंही ऐकणार नाही, एवढाच दोन्हीकडचा हिशोब!

ग्राहक आयोगासमोर कंपनीच्या वकिलांनी आजीची उलटतपासणी सुरू केली. ते लातूरचे मोठे नावाजलेले वकील. आवाजाला धार.

"आजी, तुम्ही नाशिकला गंगेत स्नान केलं, हे खरं आहे ना?"

"व्हय, जेवले. तुमी?"

"स्नान! आंघोळ! केली ना?"

"लेक लातूरलाच दिलीय माझी."

"आजी, मी काय विचारतोय, ते कळतंय का?"

"दोन लेकरं हायत तिला. थोरला नवोदयला हाय."

पाऊण तास हे असंच चाललं. वकीलसाहेबांचा आवाज बसला. शेवटी त्यांनी हात जोडले आणि खुर्चीवर बसले. अध्यक्षांना आजीची दया आली. ते आपल्या जागेवरूनच अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजींना कुणीतरी पाणी द्या रे."

आजी म्हणाली, "माठातलं द्या. फिरीजमधलं बाधतंय मला."

सगळ्या हॉलनं आधी आजीकडं वळून बघितलं, मग हशा फुटला!

निकाल असा लागला की कंपनीनं सगळ्यांना स्वखर्चानं खऱ्या काशीला नेऊन आणायचं. तसं नेलंही. परत आल्यावर आजी मला घेऊन त्या लातूरच्या वकिलांच्या ऑफिसात गेली. पिशवीतून गंगाजलाचा गडू काढला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या साहेब. ही गंगा. चव घिऊन बगा, फरक कळंल."

*

सामूहिक दाव्यात पेपरला जाहीर नोटीस द्यावी लागते. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी तिची सुरुवात असते. उद्देश हा की ज्याचं नुकसान झालंय, पण ज्याला माहीत नाही, त्यानं यावं.

अशीच एक नोटीस छापून आली आणि त्याच सकाळी एक धोतर नेसलेले काका ऑफिसात हजर. जळकोटहून पहिल्या एसटीनं आले होते. हातात पेपर, नोटिशीभोवती पेनानं गोल केलेला.

"म्या संबंधित हाय," ते म्हणाले.

मला आनंद झाला. नोटीस वाचून कुणी आलं असं तोवर घडलं नव्हतं. मी विचारलं, "तुमच्याकडं पण त्याच कंपनीची गिरणी आहे का?" कारण ती केस घरगुती पिठाच्या गिरणीची होती.

"न्हाय."

"मग घेतली होती आणि विकली?"

"न्हाय बा."

"मग काका, तुम्ही संबंधित कसे?"

काकांनी पेपर माझ्यासमोर पसरला आणि शांतपणे म्हणाले, "ते तुमी सांगायचं. वकील तुमी हाव."

मुश्ताकभाईंनी त्यांना चहा पाजला, समजावून सांगितलं आणि एसटीत बसवून दिलं. काकांची बायको मागच्या वर्षी गेली होती आणि पोरं पुण्याला, असं चहा पिताना कळलं.

तेव्हापासून माझी कुठलीही नोटीस छापून आली की काका येतात. चहा पितात, केस काय आहे ते सगळं ऐकून घेतात, कंपनीला दोन शिव्या देतात. आता मुश्ताकभाई नोटिशीचा मजकूर पेपरकडं पाठवला की चहावाल्याला सांगून ठेवतात, "कल जळकोट का पाहुणा आनेवाला है, दूध जादा ठेव."

*

सोनारीला काळभैरवनाथाचं मोठं देवस्थान. त्यामुळं त्या पट्ट्यात घरटी एक भैरवनाथ. आजोबा भैरवनाथ, चुलत नातू भैरवनाथ, शेजारी भैरवनाथ. आमची तिथल्या एका गावची केस होती ठिबकच्या नळ्यांची. पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्या तडकल्या होत्या. गावाच्या वतीनं दाव्यात नाव होतं भैरवनाथ तात्यांचं. तात्या म्हणजे खमक्या माणूस.

कंपनीच्या मॅनेजरनं ठरवलं, की हा तात्या फोडायचा. एकदा हा गळाला की गाव आपोआप गळतं. त्यानं गावात माणूस पाठवला आणि चौकशी केली, "ते केसवाले भैरवनाथ कुठं राहतात?" पारावरच्या कुणीतरी बोट दाखवलं.

मग सुरू झाली सरबराई! मॅनेजर स्वतः गाडी घेऊन यायचा आणि भैरवनाथांना बार्शी रोडच्या धाब्यावर न्यायचा. मटण, भाकरी, वर पान. पहिल्या खेपेला केसचं काही काढायचं नाही, आधी माणूस आपला करायचा, असं त्याचं धोरण होतं. दुसऱ्या खेपेलाही तेच. भैरवनाथांच्या बायकोला साडी आली. गुढीपाडव्याला मिठाई आली. नातवाच्या जावळाला मॅनेजर जातीनं हजर!

इकडं आमचे तात्या दर तारखेला येऊन कंपनीला सोलून काढत होते. मॅनेजरला वाटायचं, वा! काय नाटक करतो हा माणूस. कोर्टात मात्र तो स्वतः कधी येत नव्हता. यायचे त्यांचे वकील.

शेवटी साक्षीच्या आदल्या दिवशी त्यानं धाब्यावर विषय काढला. "मग भैरवनाथराव, उद्याचं काय ठरवलंय?"

"उद्या व्हय? उद्या आमच्या म्हशीला घिऊन दवाखान्यात जायचंय."

"नाही हो, केसचं!"

हाडाचा तुकडा हातात धरून भैरवनाथरावांनी विचारलं, "कुठली केस?"

हे मला खुद्द त्या भैरवनाथरावांनीच सांगितलं. निकाल गावाच्या बाजूनं लागल्यावर ते ऑफिसात आले होते. चेहरा पडलेला. मी म्हटलं, "काय झालं? गाव तर जिंकलं!"

"जिंकलं हो. पण तुमी लई घाई केली वकीलबाई. दोन-चार तारखा आणखी घ्यायच्या न्हाय व्हय?"

*

आमच्या भागातली शेळी काळी कुळकुळीत. ऊन पडलं की पाठ चमकते. एका बचत गटाच्या बायकांनी मिळून तसल्या शेळ्या पाळल्या होत्या आणि एका कंपनीचं पशुखाद्य सुरू केलं होतं. पुडक्यावर लिहिलेलं, 'महिन्यात फरक पाहा.' महिन्यात फरक दिसला. शेळ्यांच्या पाठीचे केस गेले!

गटाच्या प्रमुख मथुराबाई. शेळ्यांवर लेकीसारखा जीव. त्यांना राग नुकसानीचा नव्हता. त्या म्हणायच्या, "रूपाची शेळी, अन् बाजारात लोक हसतेत तिला. तिला काय वाटत आसंल?"

मी आयोगापुढं फोटो दिले. कंपनीचे वकील तरुण होते, हुशार होते. म्हणाले, "या कुठल्याही शेळ्या असू शकतात, सर. जिल्ह्यात शेळ्यांना काय तोटा?"

मथुराबाईंनी हे ऐकून घेतलं. पुढच्या तारखेला आवारात टेम्पो येऊन थांबला. आत सगळा गट आणि सगळ्या शेळ्या! शिपायानं गेट अडवलं, तर म्हणतात, "पुरावा हाय, पुरावा! आत घ्या म्हणलंय साहेबानी!"

साहेबांनी असं काही म्हटलं नव्हतं. पण शेळ्यांच्या आवाजात पुढचं काम चालणं शक्यच नव्हतं, म्हणून अध्यक्ष स्वतःच खाली आले. लिंबाच्या झाडाखाली पुरावा चरत उभा होता. अध्यक्षांनी एकेक पाठ वाकून बघितली.

तरुण वकील मागं हटायला तयार नव्हते. "सर, पण या त्याच शेळ्या आहेत, हे कशावरून? एकीसारखी दुसरी दिसते."

मथुराबाई पुढं आल्या. शेळ्या सगळ्या आवारभर पांगल्या होत्या. त्यांनी हाक मारली, "चिंगे!" झाडामागून एक शेळी धावत आली. "मैने!" दुसरी आली. "ए बिजली!" तिसरी दोन मोटारसायकलींच्या मधून वाट काढत आली आणि बाईंच्या पदराला तोंड घासायला लागली.

बाई वकिलांकडं वळल्या. "साहेब, लगीन झालंय न्हवं तुमचं?"

"झालंय."

"मंग गर्दीत बायकूला वळखता का न्हाय?"

वकिलांनी कोट सारखा केला. आवारात सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

"ओळखतो," ते म्हणाले. "पण हाक मारली की ती अशी येत नाही!"

अध्यक्ष तोंडावर रुमाल धरून आत गेले. त्या वकिलांनी पुढं हरकत घेतली नाही. शेळ्यांचे केस पावसाळ्यानंतर परत आले, तेव्हा मथुराबाईंनी मला मुद्दाम बोलावून दाखवले. बिजलीला तीट लावलेली होती.

*

आता सुनावण्या फोनवरून, व्हिडिओवरूनही होतात. याचा फायदा म्हणजे लोकांची गाडीभाड्याची दगदग वाचते. पण आमची नेमकी केस होती मोबाईल कंपनीविरुद्ध! गावात टॉवर उभा होता, नेटवर्क मात्र नव्हतं. लोकांचे रिचार्ज चालू आणि फोन बंद.

सुनावणीला हजर राहायला अख्खं गाव टेकडीवर चढायचं. वर एक बाभूळ आहे, तिच्याखाली शेजारच्या तालुक्यातली रेंज येते. तिथं एकाचा फोन फांदीला बांधायचा आणि सगळ्यांनी त्याच्यासमोर बसायचं. अध्यक्षांना पडद्यावर कधी टोप्या दिसायच्या, कधी नुसती फांदी.

कंपनीचे वकील म्हणाले, "हा सगळा बनाव आहे. गावात नेटवर्क उत्तम आहे. पुढच्या तारखेला मी स्वतः त्या गावातूनच हजर होतो!"

आणि खरंच गेले. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात काळा कोट घालून, कंपनीचंच सिम घातलेला फोन समोर ठेवून बसले. सुनावणी सुरू झाली. मी आयोगात होते, गाव टेकडीवर होतं. वकीलसाहेब पडद्यावर अगदी स्वच्छ दिसत होते. मी मनात म्हटलं, आज गेली केस!

"महोदय," ते म्हणाले, "आपण बघतच आहात. आमच्या कंपनीची सेवा या गावात अत्यंत..."

तोंड उघडं, हात वर, आणि चित्र थांबलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. साहेबांचा हात वरच!

अध्यक्ष लेखनिकाला म्हणाले, "साहेबांचं म्हणणं आहे तसं लिहून घ्या."

थोड्या वेळानं गावाच्या चौकटीत गडबड दिसली. गावातली दोन पोरं खाली पळाली होती, ती वकीलसाहेबांना घेऊन धापा टाकत वर आली. कोटाला कुसळं लागलेली. सरपंचांनी सरकून त्यांना सतरंजीवर जागा करून दिली.

"बसा साहेब," सरपंच म्हणाले. "आमचं कोर्ट हितं लागतंय."

आणि मग कंपनीच्या वकिलांनी कंपनीची बाजू मांडली. अख्ख्या गावाच्या मधोमध बसून, बाभळीखाली, फांदीला बांधलेल्या फोनसमोर!

*

ही शेवटची तुळजापूर तालुक्यातल्या एका गावची.

या गावात पाण्याची योजना झाली होती. टाकी बांधली, पाईप पुरले, गावात आणि वस्तीत घरोघर नळ बसले. पाणी तेवढं आलं नाही. टाकीत पाणी ठरतच नव्हतं. काम घेतलेली कंपनी बिल उचलून निघून गेली. मग गाव आणि वस्ती दोघांनी मिळून एकच दावा लावला. वस्ती म्हणजे बौद्ध वस्ती, गावाच्या वरच्या अंगाला, माळावर.

या दाव्यात दोन बाया होत्या. गयाबाई गावातल्या मोठ्या शेतकरी घरातल्या. सुमनबाई वस्तीतल्या. दोघींची शेतं एकमेकींना लागून आणि मध्ये एक बांध. त्या बांधावरून दोघींचं भांडण किती जुनं आहे ते गावात कुणालाच सांगता येत नाही. एकीनं बांध कोरला असं दुसरी म्हणायची, दुसरीनं कोरला असं पहिली. पेरणीच्या दिवसांत त्यांचा आवाज रस्त्यावरच्या एसटीत ऐकू यायचा. तारखेलाही दोघी एकाच टेम्पोतून यायच्या, पण एक ड्रायव्हरजवळ बसायची आणि दुसरी मागं.

दावा बरीच वर्षं चालला. मग कंपनीकडून तडजोड आली. टाकी दुरुस्त करतो, गावात लगेच पाणी सोडतो. पण वस्ती उंचावर आहे, तिला वेगळी मोटार लागेल, ते नंतर बघू. तेव्हा वस्तीनं दाव्यातून नाव काढून घ्यावं.

असल्या दाव्यात वकील परस्पर तडजोड करू शकत नाही. सगळ्यांना विचारावं लागतं. शाळेपुढं बैठक बसली. गाव पुढं बसलं, वस्तीतली माणसं मागं.

मी स्वतः असल्याच वस्तीत वाढलेय. माझी आजी आडावर जायची तेव्हा तिला पोहरा लावता येत नव्हता. कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत ती घागर घेऊन बाजूला उभी राहायची. हे तिनं मला सांगितलं होतं. तेव्हा त्या दिवशी माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायला नको. पण मी एकट्या वस्तीची वकील नव्हते, सगळ्यांची होते. जे आलं होतं ते जसंच्या तसं सांगणं माझं काम होतं. मी कागदावरून नजर वर न करता सांगितलं.

 मग पुढच्या ओळीतले एक जण म्हणाले, "तसं बघितलं तर वाईट न्हाय. आदी आपलं तर हू द्या. मंग त्यांचं बी करू की."

दोन-चार माना हलल्या. आणखी काही हलल्या. मागं सुमनबाईंनी पदर खोचला, पायात चप्पल घातली आणि उठल्या. त्यांच्या मागं वस्तीतली आणखी माणसं उठायला लागली.

"ए! बस खाली!"

गयाबाई ओरडल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता इथंही बांध निघतोय! सुमनबाई जागेवरच थांबल्या, बसल्या मात्र नाहीत.

गयाबाई उभ्या राहिल्या. "म्या सही करणार न्हाय. माझं नाव काढा त्या तडजोडीतनं."

त्यांचे दीर वैतागले. "वहिनी, तुमचं काय मधीच? तुमचं तर तिच्यासंगं पटत बी न्हाय!"

"न्हायच पटत! लगीन होऊन आले तवापास्नं भांडतेय म्या तिच्यासंगं. अन् मरस्तोवर भांडणार हाय." गयाबाईंचा आवाज चढला. "पण माझ्या नळाला पाणी अन् तिच्या नळाला न्हाय, तर ती भांडताना काय म्हणंल मला? 'तू पाणी पिऊन बोलतीस गं!' म्हणंल. त्याला काय उत्तर हाय माझ्याकडं? तुमच्याकडं हाय का? बरोबरीनं भांडायचं तर बरोबरीनं पाणी पाह्यजे!"

शाळेच्या पत्र्यावर कावळा बसला होता, त्याच्या पायांचा आवाज ऐकू येत होता. मग मागून सुमनबाई म्हणाल्या, "बांध मात्र तिनंच कोरलाय."

"खाली बस म्हणलं की!" गयाबाई म्हणाल्या.

सुमनबाई खाली बसल्या.

तडजोड फेटाळली गेली. मी कोर्टाला तसं कळवलं. पुढं वर्ष गेलं, पण कंपनीला शेवटी दोन मोटारी बसवाव्या लागल्या, आणि गावात आणि वस्तीत पाणी एकाच सकाळी आलं. त्या दिवशी मी गेले होते. लोक नळाखाली हात धरून उभे होते, कुणी पीत होतं, कुणी नुसतंच भिजत होतं. मी मात्र गाडीत जाऊन बसले. जरा वेळ लागला मला.

त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील. दुपारी ऑफिसचं दार उघडलं आणि गयाबाई आत आल्या. त्यांच्या मागून सुमनबाई. दोघी एकाच बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

गयाबाईंनी सुरुवात केली, "वकीलबाई, बांधाची केस लावायची हाय."

"माझ्या बी बाजूनं लावायची हाय," सुमनबाई म्हणाल्या.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे? केस कुणावर लावायची?"

गयाबाईंनी सुमनबाईंकडं बोट केलं. सुमनबाईंनी गयाबाईंकडं.

मी हात जोडले. "अहो, असं चालत नाही! तुम्ही दोघी एकमेकींच्या विरुद्ध आहात. मला एकीचीच वकील होता येतं."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग गयाबाई माझ्यावरच चिडल्या.

"मंग हिनं काय करायचं? परका वकील करायचा?"